घरातले विज्ञान : बॅटरी मेली म्हणण्याआधी



गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या नाचणगावात, वस्तीतल्या विहारात, संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. आभाळ गडगडले, वारा सुटला आणि लाईट गेली. पावसाळ्यात यात नवल काही नाही. बायांनी मेणबत्त्या लावल्या, वाचन पुढे सुरू राहिले. पण बाजूच्या अभ्यासिकेतून एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून बाहेर आली आणि पायरीवर बसून रडू लागली. लाईट गेल्यावर अर्ध्या तासातच तिचा लॅपटॉप बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती आणि प्रश्नसंच त्याच डब्यात अडकला होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्याकडे आली. बाई कापूस वेचायला जाते, उरलेल्या दिवसांत निंदण-खुरपण. म्हणाली, "भाऊ, याची बॅटरी मेली म्हनते दुकानवाला. नवी टाकाले तीन हजार सांगून राह्यला. मी कुठून आनू तीन हजार? त्यापरीस इकूनच टाकतो म्हनलं, तं पोरगी दोन दिवसांपासून धड जेवली नाही."

मी वायरमनच्या धंद्यातला माणूस. माझे उभे आयुष्य तारा ओढण्यात आणि फ्यूज बांधण्यात गेले. संगणक मी म्हातारपणी पोरांकडून शिकलो. पण वीज कुठे जाते हे शोधणे माझ्या ओळखीचे काम आहे. म्हणून म्हटले, "ताई, विकायचे ते विका, पण आधी मला एक दिवस पाहू द्या."

लॅपटॉप जुना, चौदा इंची. तिच्या मावसभावाने नागपूरहून आणून दिलेला. मूळचे त्यावर विंडोज १० होते. त्याची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ती संपणार हे आधीच ठाऊक होते आणि विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्रावर नीट बसत नाही, म्हणून मावसभावाने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिले. लिनक्स म्हणजे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी मिळून वाढवलेली मोफत प्रणाली. ती विकत घ्यावी लागत नाही आणि तिच्या आत काय चालले आहे ते कोणालाही उघडून पाहता येते. ही दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे.

मी यंत्राला हात लावण्याआधीच तीन जणांचे तीन निकाल लागून गेले होते. दुकानदार म्हणाला बॅटरी मेली. मावसभाऊ फोनवर म्हणाला, लिनक्स बॅटरी जास्त खाते, त्याला इलाज नाही. शेजारचा एक जाणकार म्हणाला, बॅटरी दर वेळी पूर्ण रिकामी करूनच चार्ज करायला हवी होती, पोरीने वाट लावली. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले होते ते विहारात आपण दरवर्षी ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. मग लॅपटॉपच्या बाबतीत आपण ते का विसरतो कोण जाणे.

पारखायचे कसे ते आता सांगतो. घरातला पाण्याचा रांजण डोळ्यांसमोर आणा. रांजणात पाणी किती मावते हा एक प्रश्न आणि तोटीतून किती वेगाने वाहते हा दुसरा. बॅटरीत मावणारी वीज वॅट-तासांत मोजतात आणि वाहण्याचा वेग वॅटमध्ये. रांजणाला वेगाने भागा म्हणजे तास मिळतात. तिसरीतल्या पोराला येणारा भागाकार आहे. लॅपटॉप लवकर बंद पडतो याचा अर्थ रांजण लहान झाला असेल किंवा तोटी जास्त उघडी असेल. दुकानदाराने तोटीकडे पाहिलेच नव्हते. पाहिले असते तर बॅटरी विकली गेली नसती, हे मी त्याच्यावर रागावून म्हणत नाही. त्याचाही धंदा आहे.

लिनक्स मिंटच्या मेनूत 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' नावाची खिडकी असते. तिच्यात डावीकडे 'लॅपटॉप बॅटरी' निवडली की सगळा हिशेब समोर येतो. 'एनर्जी डिझाइन' म्हणजे नवी असताना किती मावत होते. 'एनर्जी व्हेन फुल' म्हणजे आज किती मावते. 'रेट' म्हणजे या क्षणी किती वॅटने वाहते आहे. वीज जोडलेली असेल तर हा आकडा चार्ज होण्याचा दिसतो, म्हणून आधी चार्जर काढून दोन मिनिटे थांबायचे.

आम्ही तिघांनी मिळून पाहिले. नवी असताना ४८ वॅट-तास. आज २६. म्हणजे बॅटरी म्हातारी झाली होती, पण अर्ध्याहून जास्त जीव शिल्लक होता. आणि रेट? १९ वॅट. त्यातच पोरगी हसली. तिने मनातल्या मनात भागाकार केला होता: २६ भागिले १९, म्हणजे जेमतेम सव्वा तास, तेही पूर्ण भरलेली असेल तर. त्या संध्याकाळी ती पूर्ण भरलेली नव्हती, आणि आणखी एक कारण होते, ते पुढे येईल.

खैरातची शाळा

इथे थोडे थांबून एका शाळेची आठवण काढतो, कारण हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात एका गरीब वाडीवर एकदा येऊन गेला आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात धनगरवाडा म्हणून वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांच्या हाती २००७ साली हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. अमेरिकेतील निकोलस निग्रोपोंटे यांनी 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही योजना काढली होती, त्यातला भारतातला हा पहिला प्रयोग. आपल्या केंद्र सरकारने त्याआधी, २००६ मध्येच, या योजनेत उतरायला नकार दिला होता. त्यामुळे देशभर ती पसरली नाही, आणि नुसता लॅपटॉप वाटल्याने शिक्षण होते का हा वाद आजही चालू आहे. तो वाद बाजूला ठेवू.

आपल्यासाठी शिकण्यासारखे त्या यंत्रात आहे. ते लिनक्सवर चालत होते आणि वीज नसलेल्या गावांसाठी मुद्दाम बनवले होते. त्या काळचे साधे लॅपटॉप वीस-तीस वॅट खात. हा साध्या वापरात पाचेक वॅटमध्ये भागवत असे. मोठी बॅटरी बसवून हे साधले नव्हते. बनवणाऱ्यांनी तोटी आवळली होती. पडदा असा केला की उन्हात बसले तर मागचा दिवा पूर्ण विझवूनही अक्षरे वाचता यावीत. आणि मूल पान वाचत असेल तेवढ्या वेळात पडद्यावरचे पान तसेच ठेवून आतला प्रोसेसर झोपी जावा. मुलाने कळ दाबली की प्रोसेसर जागा. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

याच २००७ साली लिनक्सच्या मूळ गाभ्यातही एक मोठी सुधारणा झाली. तोपर्यंत हा गाभा काम असो वा नसो, घड्याळाच्या ठोक्यावर सेकंदाला शेकडो वेळा जागा व्हायचा. रात्रपाळीच्या चौकीदाराने चोर नसतानाही दर मिनिटाला दार वाजवून घरच्यांना उठवावे तसे. एप्रिल २००७ मध्ये आलेल्या २.६.२१ या आवृत्तीपासून ती सवय सुटू लागली. काम नसेल तर झोप. पण गाभा झोपायला तयार झाला तरी वर बसवलेले कार्यक्रम त्याला झोपू देत नव्हते. ते कोण, हे पकडण्यासाठी इंटेल कंपनीच्या लोकांनी त्याच वर्षी 'पॉवरटॉप' नावाचे मोफत हत्यार काढले. आमच्या नाचणगावच्या लॅपटॉपवर आम्ही तेच चालवले.

तोटी आवळली ती अशी

पहिला हात पडद्याला. पोरगी भर उजेडात वापरायची सवय म्हणून पडदा पूर्ण प्रकाशावर ठेवायची, रात्रीसुद्धा. लॅपटॉपमध्ये सर्वांत जास्त सतत खाणारा भाग बहुधा पडद्यामागचा दिवाच असतो. प्रकाश एक-तृतीयांशावर आणला, रेट १९ वरून १६ वर आला. तीन वॅट एका बोटाने. काही जण सांगतात की काळी पार्श्वभूमी ठेवली की बॅटरी वाचते. नव्या महागड्या ओलेड पडद्यांवर ते खरे आहे, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. आपल्या जुन्या एलसीडी पडद्यामागे दिवा सारखाच जळत असतो, चित्र काळे असो की पांढरे. आम्ही करून पाहिले, आकडा जागचा हलला नाही. डोळ्यांना बरे वाटत असेल तर काळे ठेवा, बॅटरीसाठी नको.

दुसरा हात ब्राउझरला. तिच्या फायरफॉक्समध्ये सतरा पाने उघडी होती. त्यातली दोन वर्तमानपत्रांची, ज्यांच्यावरच्या जाहिराती आपोआप हलत होत्या, आणि एक परीक्षेच्या शिकवणीवाल्यांचे, ज्यावर "फक्त आजच सवलत" असे घड्याळ उलटे धावत होते. ते घड्याळ महिनाभर तसेच धावत होते असे तिने सांगितले. नको ती पाने बंद केली. १३ वॅट.

मग पॉवरटॉप. टर्मिनलची काळी खिडकी उघडून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉवरटॉप' आणि ते बसल्यावर 'सुडो पॉवरटॉप' असे लिहायचे. इंग्रजी लहान अक्षरांत लिहावे, पासवर्ड विचारेल तो द्यावा. पासवर्ड टाईप करताना काहीच दिसत नाही, घाबरू नये. मग एक यादी येते: कोणता कार्यक्रम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो. आमच्या यादीत सर्वांत वर निघाला 'कॉन्की'. हा काय प्रकार? मावसभावाने हौसेने पडद्याच्या कोपऱ्यात एक शोभेची पट्टी बसवली होती. तिच्यात प्रोसेसर किती तापला, किती मेमरी लागली, इंटरनेटचा वेग किती, हे सगळे आकडे सेकंदाला दोनदा बदलत. यंत्र किती तापले हे सांगण्यासाठी यंत्र तापत होते. पोरीने ती पट्टी स्वतःच्या हाताने काढली आणि भावाला फोन करून सांगितले. तो थोडा नाराज झाला असावा.

त्याच यादीखाली ब्लूटूथ चालू दिसले. तिच्याकडे ब्लूटूथचे काहीही नाही. बंद केले. यूएसबीला एक रिकामा पेन ड्राइव्ह महिनोन्‌महिने खोचलेला होता, तो काढला. माऊसच्या पोटात लाल दिवा जळत होता, तो लाईट नसताना लावायचा नाही असे ठरले. हे सगळे मिळून वॅटभर वाचले. डाऊनलोड झाल्यावर वायफायही बंद करायचे, आणखी थोडे. शेवटी नुसते पुस्तकाचे पान उघडून वाचत बसल्यावर रेट साडेआठ आणि नऊच्या मध्ये येऊन टेकला.

पॉवरटॉपमध्ये सगळे एकदम आवळण्याचीही आज्ञा आहे: 'सुडो पॉवरटॉप', पुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा, आणि 'ऑटो-ट्यून'. तिचा असर यंत्र बंद करेपर्यंतच राहतो. कधी कधी तिच्यामुळे माऊस दोन सेकंद हलवला नाही की झोपतो आणि पुन्हा कळ दाबल्याशिवाय उठत नाही. तसे झाले तर यंत्र एकदा बंद-चालू करावे. रोजच्यासाठी 'टीएलपी' नावाचा दुसरा मोफत कार्यक्रम जास्त सोयीचा. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टीएलपी' एवढे केले आणि यंत्र एकदा बंद-चालू केले की झाले. चार्जर निघाला की तो आपोआप काटकसरीवर जातो, लागला की मोकळा सोडतो. मात्र एक ध्यानात ठेवा. नव्या लिनक्स मिंट आणि उबुंटूमध्ये बॅटरीच्या चिन्हाखाली 'पॉवर सेव्हर' आणि 'बॅलन्स्ड' असे पर्याय दिसतात. ते दिसत असतील तर हे काम तिथे दुसरा कार्यक्रम आधीच करत असतो. मग टीएलपी वर टाकू नका. दोन मालक एकाच नोकराला दोन हुकूम देतील. सरळ 'पॉवर सेव्हर' निवडा.

खेळांसाठी बनवलेल्या काही जुन्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया कंपनीचा दुसरा चित्र-प्रोसेसर असतो. तो कामाविना जागा राहिला तर एकटाच पाच-दहा वॅट खाऊ शकतो. तसले यंत्र असेल तर आधी त्याचाच बंदोबस्त करा. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये इंटेलचा प्रोसेसर निवडण्याची सोय असते. आमच्या पोरीच्या यंत्रात तो नव्हता, सुटलो.

व्हिडिओचे मात्र वेगळे प्रकरण आहे, आणि आजकालचा निम्मा अभ्यास व्हिडिओवर चालतो. व्हिडिओ उलगडण्याचे काम यंत्रातला खास भाग करत असेल तर वीज कमी लागते, प्रोसेसरला करावे लागले तर पंखा भणभणू लागतो. लिनक्सवर अनेक वर्षे ब्राउझर हे काम प्रोसेसरकडूनच करून घेत. मावसभावाचे "लिनक्स बॅटरी खाते" हे म्हणणे तिथून आले असावे, आणि त्या काळापुरते ते अगदी खोटे नव्हते. २०२३ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ११५ पासून इंटेलच्या यंत्रांवर ही सोय मुळातच चालू मिळते. तरी जुन्या यंत्राला आजचे नवे व्हिडिओ प्रकार झेपत नाहीत. यावर साधा उपाय म्हणजे व्हिडिओची प्रत ४८० वर आणणे. मास्तर फळ्यावर लिहितात ते तेवढ्यातही दिसते. आणखी चांगले म्हणजे लाईट असताना धडा उतरवून ठेवायचा आणि लाईट नसताना उतरवलेला पाहायचा. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने तर लिनक्स शिकवणारे छोटे धडे मराठी आवाजात तयार केले आहेत, तेही उतरवून घेता येतात. उतरवलेला धडा आमच्याकडे साडेदहा वॅटमध्ये चालला. अडीच तास होतात.

भावाचा मोबाईल

आता ते राहिलेले कारण. त्या संध्याकाळी लॅपटॉप सव्वा तासही का टिकला नाही? मी पोरीला विचारले, त्या दिवशी आणखी काय जोडले होते? ती गप्प राहिली. आई म्हणाली, "लाईट गेली का धाकट्याचा मोबाईल याच्यालेच तं लावतो." धाकटा दारातच उभा होता, तो घरात पळाला.

वाचकहो, हिशेब पाहा. आजच्या साध्या मोबाईलच्या बॅटरीवर ५००० एमएएच लिहिलेले असते. तिचा दाब सुमारे ३.८५ व्होल्ट. गुणाकार केला तर १९ वॅट-तास होतात. चार्ज होताना थोडे वाया जाते ते वेगळे. म्हणजे रिकामा मोबाईल पूर्ण भरायचा तर लॅपटॉपच्या २६ मधले वीसहून जास्त त्याला द्यावे लागतील. बहिणीचा सगळा रांजण भावाच्या घागरीत. पडद्याचा प्रकाश आणि ब्लूटूथ यांचा आम्ही एवढा विचार केला, पण सर्वांत मोठी गळती ही होती, आणि ती कोणत्याही यादीत सहज दिसत नाही. पॉवरटॉपला भाऊ-बहीण कळत नाहीत. पोरीला ती ठाऊक होती. बोलली नाही एवढेच. घराघरांत अशा किती गोष्टी मुली बोलत नाहीत, ते माय-बापांनी आपापल्या घरी पाहावे.

धाकट्याला मी बोलावले नाही, रागावलो नाही. कागदावर १९ आणि २६ हे दोन आकडे लिहून त्याच्या हातात दिले. तो सातवीत आहे, त्याला गुणाकार येतो.

पोरीने मला विचारले, "काकाजी, याच्यात बिल किती वाचते?" प्रश्न चांगला होता. १९ चे ९ झाले, दहा वॅट वाचले. रोज चार तास धरले तर महिन्याला १२०० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिट. रुपयांत मोजले तर दोन वेळच्या चहाचे पैसे. बिलासाठी हा खटाटोप करायचा असेल तर करू नका, घरातला एक जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावा, जास्त वाचेल. इथे वाचतात ते तास, आणि तेही ज्या वेळी लाईट नसते त्या वेळचे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात येई हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजधोरण ठरवणाऱ्या समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज सरकारने काढावी की खाजगी कंपनीने, केंद्राने की प्रांताने, हे सगळे प्रश्न त्यांनी घेतलेच, पण मुळात या देशाला वीज हवी कशाला हा प्रश्नही मांडला आणि त्याचे उत्तर दारिद्र्य हटवण्याशी नेऊन जोडले. पुढल्या वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. मला वायरमनला ते भाषण फार उशिरा वाचायला मिळाले. बिलाचा हिशेब पोरीला सांगताना तेच आठवत होते.

बॅटरी जगवायची कशी

शेजारच्या जाणकाराचा निकाल राहिला. पूर्ण रिकामी करून भरण्याचा नियम जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा. आजच्या लिथियमच्या बॅटरीला तो उलट मारक आहे. तिला अगदी शून्यावर नेणे मानवत नाही, आणि रात्रंदिवस शंभरावर भरून ठेवणेही नाही. चाळीस ते ऐंशी टक्क्यांत ती सुखी असते. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपवर टीएलपीच्या सेटिंगमध्ये ऐंशीला चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. पण माझे मत विचाराल तर आपल्याकडे पावसाळ्यात, विजांचे दिवस असताना, बिनधास्त शंभर भरावी. बॅटरी चार महिने कमी जगली तरी चालेल, ऐन वेळी उपाशी नको. हिवाळ्यात ऐंशीवर आणा.

तिचा खरा शत्रू ऊन आहे. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि टिनाच्या छपराखाली तर विचारू नका. अशा खोलीत गोधडीवर लॅपटॉप ठेवला की खालची जाळी बुजते, पंखा ओरडतो, बॅटरी शिजते. लाकडी पाटावर ठेवा, एवढे पुरे. कुलरच्या अगदी तोंडासमोर नको, ओली हवा आणि तुषार आत जातात. वर्षातून एकदा जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा. आमच्या यंत्रातून कापसाचे तंतू निघाले. आईच्या लुगड्यावरून आले असणार.

आणि एक धोक्याची सूचना. बॅटरी फुगलेली दिसली, लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला किंवा टचपॅड वर उचलल्यासारखे झाले, तर काटकसर विसरा. त्याच क्षणी वापर बंद, चार्जर बंद. टोचू नका, दाबू नका, उकिरड्यावर टाकू नका. ती पेट घेते. अशा वेळी नवी बॅटरी घेण्यावाचून मार्ग नाही. घेताना जुनीवरचे व्होल्ट आणि वॅट-तास कागदावर लिहून न्या, आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' उघडून आकडे जुळतात का पाहा. नाव मोठे आणि आत माल अर्धा, असेही विकले जाते.

पुढच्या आठवड्यात आम्ही परीक्षा घेतली, लॅपटॉपची. संध्याकाळी सात वाजता पूर्ण भरून चार्जर काढला. ती इतिहासाचे पुस्तक वाचत बसली, मधे पाऊण तास उतरवलेला धडा पाहिला. चहाला उठताना झाकण मिटून यंत्र झोपवले. पावणेदहाला पडद्यावर सूचना आली की आता थोडेच उरले. पावणेतीन तास. बॅटरी तीच, दुकानदाराने मेली म्हटलेली.

आईने तीन हजारांसाठी भिशीतून उचल मागितली होती, ती परत केली. पोरीने वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला आहे. दर रविवारी सकाळी 'एनर्जी व्हेन फुल'चा आकडा ती त्यात लिहिते, म्हणजे बॅटरी खरोखर केव्हा संपते आहे हे आधी कळेल आणि पैसे जमवायला वेळ मिळेल. पहिल्या रविवारी २६.० होता. गेल्या रविवारी २५.३. तक्त्याच्या शेजारी दुसऱ्या अक्षरात, धाकट्याच्या, एक ओळ आहे: मोबाईल शाळेतून आल्यावर, लाईट असताना लावणे.